काठाची बांधणी

तळ्याचं पाणी त्या वर्षी ऊन तापायच्या आधीच मागे सरकलं. गाळ उघडा पडला, त्यात गुरांच्या खुरांचे खळगे वाळून कडक झाले आणि उरल्यासुरल्या पाण्यावरून माणसांची तोंडं सुटली. आबांचे बांबू त्याच पाण्यात भिजत असत. टोपल्या विणायच्या तर बांबू भिजायलाच हवा. कोरडी कामटी वाकवली की मोडते, आणि मोडता मोडता बोट कापून जाते.

"आमच्या म्हशींना घोट मिळेना, आणि ह्यांचे बांबू बघा, मजेत पोहतायत," दूधवाला म्हणाला. आबांना ऐकू जावं एवढ्या आवाजात.

आबा गुडघाभर पाण्यात उभे राहून मोळीवर दगड ठेवत होते. "बांबू पाणी पीत नाहीत रे. नुसते बसतात."

"पण पाणी नासतं ना."

आबांनी दगड काढले, मोळी ओढत ओढत पार कोपऱ्यात नेली, जिथे पाणी जेमतेम घोट्याएवढं होतं आणि शेवाळाचा वास मारत होता. एरवी त्यांनी दूधवाल्याला दोन शब्द सुनावले असते. त्याच्या दुधातल्या पाण्याचा विषय त्यांच्या जिभेवर कायम तयार असे. पण या वर्षी कुणाशी वाकडं घ्यायचं नव्हतं. या वर्षी घरात सरकारी काम आलं होतं.

सरकारने ठरवलं होतं, की दवाखाने, शाळा, कचेऱ्या यांच्यासाठी यापुढे प्लास्टिकच्या बादल्या-टोपल्या घ्यायच्या नाहीत. वापरून झाल्यावर मातीत मिसळेल तेच घ्यायचं, आणि तेही लांबच्या कारखान्याकडून नाही, आधी जवळच्या कारागिरांकडून. आबांच्या घराला दवाखान्याच्या टोपल्या मिळाल्या. मळक्या चादरी टाकायच्या, उंच, दोन कानांच्या, काठ पक्का असलेल्या. माल पसंत पडला तर दर महिन्याला काम.

"इतकी वर्षं सरकारला आपली टोपली दिसली नाही," आबांची बायको म्हणाली. ती गुडघ्यांनी बसलेली होती, पण तोंडाने अजून चालती-फिरती होती. "आता म्हणे पृथ्वी वाचवायचीय. वाचवा बाबा. आमच्या टोपलीने वाचत असेल तर आमची कशाला ना असेल?"

मुलगा हसला. या कामासाठी तो कारखाना सोडून घरी आला होता. कारखाना बादल्यांचा, प्लास्टिकच्या. बाजारात त्या बादल्या आल्या आणि आबांच्या टोपल्या कुणी विचारीना, म्हणून पोटासाठी मुलगा शहरात गेला आणि नेमक्या त्याच बादल्या साच्यातून काढायला लागला. महिन्यातून एकदा घरी यायचा. त्याच्या कपड्यांना जळक्या प्लास्टिकचा वास असायचा, तो कितीही धुतलं तरी जायचा नाही. सून ते कपडे दोरीवर टाकायची आणि ते वाळायच्या आत तो निघालेला असायचा. लग्न होऊन चार वर्षं झाली होती. नवऱ्याला आमटीत मीठ किती लागतं हे तिला अजून विचारावं लागत होतं.

आता तो रोज घरी होता. सकाळी उठून अंगणात बांबू फोडायला बसायचा. कोयत्याचा घाव, मग बांबू उलायचा तो आवाज, मग पुन्हा घाव. सून चुलीपाशी बसून तो आवाज ऐकायची आणि तिला बरं वाटायचं. हे काम टिकलं तर तो टिकणार होता. नाही टिकलं तर पुन्हा शहर, आणि या वेळी मुकादम परत घेईल की नाही तेही सांगता येत नव्हतं, कारण निघताना मुलगा त्याला जरा जास्तच बोलून आला होता.

कामाची वाटणी आपोआप पडली. मुलगा फोडायचा आणि कामट्या सोलायचा. सून आणि तिची सासू तळ आणि भिंत विणायच्या. काठ बांधायचे आबा. टोपलीचा जीव काठात असतो. आतून एक जाड कामटी, बाहेरून एक, आणि दोन्हींना कवेत घेत बांबूच्या पाठीचा पातळ, चिवट बंद आवळत आवळत न्यायचा. शेवटचं टोक मागच्या दोन वेढ्यांखाली दाबून टाकायचं. सगळे जण ते सरळ दाबतात. आबा ते उलटं फिरवून दाबायचे. त्या उलट्या पेचावरून बाजारात लोक त्यांची टोपली ओळखायचे.

काठ मात्र ते कुणासमोर बांधत नसत. गोठा रिकामा झाल्यापासून तिथे बसत, पाठ दाराकडे करून. "बोलण्यात लक्ष गेलं की वेढा ढिला पडतो," म्हणायचे. पूर्वी याच आबांनी अंगणात, दहा माणसांच्या गप्पांत, काठ बांधले होते. पण माणूस म्हातारा होतो तसा लहरी होतो, असं समजून कुणी काही विचारलं नाही.

माल तयार झाला तेव्हा टेंपो बोलावला. टेंपोवाल्याला सगळे ब्रेकफेल म्हणायचे. हे नाव त्याच्या गाडीवरून पडलं की त्याच्या तोंडावरून, याबद्दल दोन मतं होती. टोपल्या एकीत एक घालून, दोरीने आवळून रचल्या. आबांनी धुतलेला सदरा घातला होता. ब्रेकफेलने त्यांना पुढे बसायला सांगितलं तर ऐकेनात. मागे टोपल्यांना धरून बसले. सून त्यांच्या शेजारी बसली, आणि मुलगा पुढे.

"आबा, आता तुम्ही सरकारी माणूस झालात," ब्रेकफेल ओरडून म्हणाला. "कामं करू नका बरं का."

आबा खूप दिवसांनी मोठ्याने हसले.

तपासणी दवाखान्याच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये होती. आणखीही कारागीर माल घेऊन आले होते. दोरखंडवाले, चटयावाले, मातीच्या कुंड्या करणारी एक बाई. सगळे आपापल्या ढिगापाशी उकिडवे बसले होते आणि दुसऱ्याच्या ढिगाकडे चोरून बघत होते. तपासणाऱ्या मॅडम तरुण होत्या, उन्हाने चेहरा लाल झालेला. आवाज मऊ होता. त्यांनी ढिगातून मधलीच एक टोपली ओढली, जमिनीवर आपटली, कानांना धरून वर उचलली, आत एका शिपायाला उभं केलं. शिपाई लाजला. टोपलीला काही झालं नाही.

"छान आहे," मॅडम म्हणाल्या. मुलाने सुनेकडे पाहिलं. सुनेने खाली पाहिलं, पण ती हसत होती.

मग मॅडमनी सुरी घेतली आणि काठाचा बंद कापला.

आतल्या कामटीला चिकटून एक निळी पट्टी होती. प्लास्टिकची. खोक्यांना, फरशांच्या गठ्ठ्यांना आवळून लावतात तसली. मॅडमनी ती चिमटीत धरून ओढली. ती काठभर फिरून आली. ती निघाल्याबरोबर काठाचे वेढे सगळे एकदम सैल पडले.

"हे काय आहे?"

त्यांनी दुसरी टोपली घेतली, काठ कापला. निळी पट्टी. तिसरी. निळी पट्टी. चौथ्या टोपलीत नव्हती. तो काठ एके दिवशी आबांना ताप आला म्हणून सुनेने बांधलेला होता.

"अहो, कामच यासाठी दिलंय ना?" मॅडम म्हणाल्या. त्या चिडल्या नव्हत्या, दमल्या होत्या. "प्लास्टिक नको म्हणून तर तुमच्याकडे आलो आम्ही. का घालता हे?"

"मजबुतीसाठी," आबा म्हणाले.

"पण बांबूचा बंद आहे की मजबूत. ह्या टोपलीत नाही पट्टी, तरी काठ पक्का आहे."

"मजबुतीसाठी," आबा पुन्हा म्हणाले. "दोन वर्षं घालतोय. बाजारात कुणाची तक्रार नाही."

"आबा!" मुलगा म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "मला सांगायचं तरी. मी काय करून आलो त्या कारखान्यात, आणि तुम्ही..."

दोरखंडवाल्यांतला एक जण खाकरला. कुंड्या करणारी बाई आपल्या कुंड्यांवरची धूळ पुसायला लागली, जणू ती धूळ आत्ताच बसली होती. लोक असं बघायचं टाळतात तेव्हा ते जास्त लागतं.

सुनेचं लक्ष मात्र आबांच्या हातांकडे गेलं. उजव्या हाताचा अंगठा त्यांनी डाव्या मुठीत लपवून धरला होता. तिला एकदम सगळं दिसलं. चहाचा कप ते दोन्ही हातांनी धरत होते. सदऱ्याची वरची गुंडी महिनोन् महिने उघडी होती. गोठ्याच्या दाराकडे पाठ होती. अंगठ्यात जोर उरला नव्हता. बंद आवळला जात नव्हता. वेढे धरून ठेवायला काहीतरी हवं, म्हणून माणूस बाजारातल्या कचऱ्यातून पट्ट्या गोळा करत होता आणि कुणाला दिसू नये म्हणून बांबूच्या आत दडवत होता. हे कुणाला सांगण्यापेक्षा चार लोकांत लबाड ठरलेलं त्यांना परवडलं.

तिला तिथेच रडू आलं. तिने पदर तोंडाशी धरला आणि माल उचलायला लागली.

मॅडमनी पंधरा दिवसांची मुदत दिली. काठ सोडून पुन्हा बांधून आणा, म्हणाल्या. एक जरी पट्टी सापडली तरी काम पुढच्या माणसाला जाईल, माझ्या हातात नाही. निघताना त्या आबांजवळ थांबल्या. "विणकाम फार सुरेख आहे, बाबा." आबांनी मान हलवली. विणकाम त्यांनी केलेलं नव्हतं.

येताना ब्रेकफेल एक अक्षर बोलला नाही, आणि ही गोष्ट त्या रस्त्यावर पूर्वी कधी घडली नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून अंगणात काठ सोडायचं काम सुरू झालं. सुरीने बंद कापायचे, पट्टी ओढून काढायची, टोपली पुन्हा ओली करायची. पाणी लागत होतं आणि पाणी नव्हतं. मुलगा पहाटे तळ्यावर जाऊन घागरी भरून आणायचा. पाठीवर गोणपाट टाकून, ओणवा होऊन, वाटेत कुणाच्या डोळ्यांत डोळे न घालता. निळ्या पट्ट्यांचा ढीग कुंपणापाशी वाढत गेला. वाऱ्याने तो सरसरायचा. आबा त्याच्याकडे पाठ करून बसायचे.

मुलगा बापाशी बोलत नव्हता. म्हणजे "जेवायला चला" एवढं बोलायचा. रागाने तो कोयता असा घाली की बांबू भलतीकडेच फाटायचा.

"त्यांचा अंगठा गेलाय," सुनेने त्याला एकदा तळ्याच्या वाटेवर सांगितलं.

तो थांबला. घागर खांद्यावरून उतरवून ठेवली. "मग सांगायचं ना," तो म्हणाला, पण राग निघून गेला होता. "मला सांगायचं."

"तुम्ही सांगितलं असतं का, मुकादमाने हात चालत नाही म्हणून तुम्हाला घालवलं असतं तर?"

त्याने घागर उचलली. घरी आल्यावर तो बापाशेजारी बसला आणि त्यांच्यासमोरचा बांबू फोडून दिला. आबांनीही तो फोडू दिला.

खरा प्रश्न पुढेच होता. काठ पुन्हा बांधायचे कुणी? आबांनी न विचारताच बंद ओले करून मांडीवर घेतले आणि पहिली टोपली पुढ्यात ओढली. या वेळी गोठ्यात नाही, अंगणात. पट्टी नाही, हे सगळ्यांनी बघावं म्हणून. त्यांनी वेढा घातला, दातांनी टोक धरलं, डाव्या हाताने ओढलं. मानेच्या शिरा ताठ झाल्या. ओठातून रक्त आलं, ते त्यांनी बाहीला पुसलं. काठ बांधून झाला तेव्हा ऊन उतरलं होतं. सुनेने टोपली उचलली आणि तिच्या बोटाखाली वेढा सरकला. अख्खा काठ खिळखिळा होता.

"कसा आहे?" आबांनी विचारलं.

"पक्का आहे," ती म्हणाली.

सासू चुलीपाशी बसून बघत होती. आबा हात धुवायला गेल्यावर ती हळू आवाजात म्हणाली, "त्यांना नुसतं बसवू नकोस हं. बसले की संपले."

"पण माल, आई..."

"मालाचं तू बघ. तुला डोकं आहे."

मग सुनेने ते केलं जे तिला सुचलं. दुपारी आबा तळ्यावर जात असत. बांबूंची मोळी कुणी उपसून बाहेर फेकू नये म्हणून राखण करायला. ते गेले की सून त्यांनी बांधलेल्या टोपल्या घराच्या मागे न्यायची, बंद सुरीने कापायची आणि नव्याने काठ बांधायची. आवळून, बोटं सोलवटून, घामाने डोळे चुरचुरेपर्यंत. माहेरी ती सरळ पेच शिकली होती. आता ती उलटा पेच शिकली. पहिल्यांदा जमेना, टोक पुन्हा पुन्हा बाहेर यायचं. सासू खुणेने दाखवायची, कारण तिने तो पेच आयुष्यभर पाहिला होता, पण स्वतः कधी घातला नव्हता. अखेर जमला. टोपल्या पुन्हा होत्या तशा, होत्या त्या जागी रचल्या जायच्या. कापलेले बंद सून चुलीच्या सरपणात घालायची आणि सकाळी आबा उठायच्या आधी जाळून टाकायची.

संध्याकाळी आबा यायचे, ढिगावरून हात फिरवायचे, एखादा काठ दाबून बघायचे. "भिजून वाळला की काठ घट्ट बसतो," ते म्हणायचे. "तुम्हाला वाटतं म्हातारा संपला. बांबूला वेळ द्यावा लागतो, काय?"

"हो आबा."

मुलाला हे माहीत होतं. तो अशा वेळी उठून कोयत्याला धार लावायला जायचा.

मुदतीच्या दिवशी आबा टेंपोत बसले नाहीत. "तुम्ही जा," म्हणाले, "मी बांबूंकडे बघतो." शेडमध्ये मॅडमनी बऱ्याच टोपल्यांचे काठ कापून पाहिले. सूनही श्वास धरून बघत होती, जणू तिलाच खात्री नव्हती. बांबू, बांबू, नुसता बांबू. मॅडमनी सही केली. "काठ तर आता पहिल्यापेक्षा सुंदर झालेत. हा पेच कुणाचा?"

सून काही बोलायच्या आत मुलगा म्हणाला, "आमच्या आबांचा."

परतीच्या वाटेवर ब्रेकफेल पुन्हा बोलायला लागला. घरी आल्यावर त्यानेच अंगणातून ओरडून सांगितलं, "आबा, पसंत! मॅडम म्हणाल्या, काठ सुंदर! कुणाचे म्हणून नाव विचारलं!"

आबा खांबाला धरून उभे राहिले. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी आपला उजवा हात वर केला, उन्हात धरून उलटा-सुलटा बघितला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. "बघ," ते बायकोला म्हणाले. "बघ. आहे अजून."

म्हातारीने सुनेकडे पाहिलं नाही. "आहे ना," ती म्हणाली. "नाही कोण म्हणालं?"

सुनेला त्या दिवशी जेवण गेलं नाही. नवरा घरी राहणार होता, काम टिकलं होतं. जे मागितलं ते मिळालं होतं. तरी तिला वाटत होतं की आपण या माणसाच्या हातातून काहीतरी काढून घेतलंय आणि वर त्यालाच ते शाबासकी म्हणून परत दिलंय.

काम दर महिन्याचं झालं. तळं आणखी आटलं. दूधवाल्याच्या पोरीची शाळा दवाखान्याच्या अलीकडेच होती आणि तिथेही आता कचऱ्यासाठी बांबूच्याच टोपल्या आल्या होत्या. ती घरी येऊन सांगत होती, की आबांच्या टोपल्या शाळेत आहेत. त्यानंतर दूधवाला बांबूंबद्दल बोलायचा बंद झाला. एकदा तर वारा सुटला तेव्हा मोळीवरचा घसरलेला दगड त्यानेच नीट ठेवला. आबांनी घरी येऊन हे सांगितलं आणि वर म्हणाले, "दुधात पाणी घालायलाच उरलं नाही, म्हणून सुधारला असेल." सगळे हसले.

बांबूही आता कमी पडू लागला. पाऊस नाही म्हणून बेटं वाळत चालली होती, पाठीचा चिवट बंद निघेना. सून दुपारी आबांचे बंद कापायची तेव्हा तिचा हात अडखळायचा. चांगला बंद दोनदा वाया जात होता. एकदा आबांच्या हातून, एकदा तिच्या सुरीखाली. पण कापल्याशिवाय तो निघायचा नाही, कारण आबा टोक खोलवर दाबून ठेवायचे. जोर नव्हता तरी पेच विसरलेला नव्हता.

मग सासूला ताप आला. सून तिच्या अंगावर ओली फडकी ठेवत बसली आणि पहाटे तिचा डोळा लागला. जागी झाली ती धुराच्या वासाने. चुलीपाशी आबा होते. बायकोसाठी पाणी तापवायला ते स्वतःच उठले होते.

सरपणाची टोपली त्यांच्या पुढ्यात होती. कापलेल्या बंदांनी भरलेली. त्यातला एक त्यांच्या हातात होता. उलटा पेच जसाच्या तसा होता, मधोमध सुरीने कापलेला. ते तो डाव्या हाताच्या बोटांनी चाचपत होते, आंधळा माणूस चेहरा चाचपतो तसा. मग त्यांनी टोपलीतला दुसरा उचलला. तोही पाहिला. तिसरा पाहिला नाही.

सून उंबऱ्यात उभी राहिली. चुकलं म्हणावं, तर नेमकं काय चुकलं हे सांगावं लागलं असतं.

आबांनी दोन्ही बंद चुलीत घातले, फुंकणीने फुंकर मारली. जाळ उठला. "म्हातारीला ताप उतरला का?" त्यांनी मागे न बघता विचारलं.

"उतरतोय, आबा."

"मग चहात आलं घाल."

एवढंच. दिवसभर ते नेहमीसारखे काम करत होते. अंगणात बसून, दातात टोक धरून. मुलाशी बांबूबद्दल बोलले, ब्रेकफेलच्या गाडीवरून एक टोमणाही मारला. सुनेला वाटलं, कळलं नसेल त्यांना. तिला तसं वाटून घ्यायचं होतं.

दुपारी आबा तळ्यावर गेले. जाताना दारात थांबून म्हणाले, "आज जरा उशिरा येईन मी. सावकाश चालू दे तुमचं." मग काठी टेकत निघून गेले.

सून टोपल्या घेऊन घराच्या मागे गेली. सुरी घेतली, पहिली टोपली पायांत धरली. आणि थांबली.

बंदाचं टोक बाहेर होतं. मागच्या वेढ्यांखाली दाबलेलं नव्हतं. बोटभर मोकळं ठेवलेलं, धरायला सोपं पडावं असं, तिच्या हाताच्या बाजूला. तिने ते धरून ओढलं. काठावरचे सगळे वेढे एकामागून एक सुटत आले, कुठे अडले नाहीत. अख्खा बंद तिच्या हातात आला, लांबच्या लांब, न कापलेला, न चिरलेला. पुन्हा वापरता येईल असा. अजून ओला होता.

तिने दुसरी टोपली घेतली. तिचंही टोक बाहेर होतं. सगळ्यांचीच होती.

सुरी बाजूला पडली होती. सून तशीच बसून राहिली आणि तिला रडू आवरेना. पुढे घरात सासू कण्हत होती, अंगणात नवऱ्याचा कोयता चालला होता. बांबू उलण्याचा आवाज येत होता. थोड्या वेळाने तिने डोळे पुसले, तोच बंद पाण्यात बुडवला, आणि काठ बांधायला घेतला. शेवटचं टोक तिने उलटं फिरवून दाबलं.

संध्याकाळी आबा आले. नेहमीसारखे ढिगापाशी गेले, वरच्या टोपलीचा काठ दाबून पाहिला, पेचावरून बोट फिरवलं.

"पक्का झालाय," ते म्हणाले.

"तुमचाच आहे, आबा," सून म्हणाली.

"हो," आबा म्हणाले, आणि उद्याचे बंद भिजत घालायला वाकले.